आयटीचं स्थळ बघायला आम्ही पाच जण

कॉलेज बघायला पाच माणसं लागत नाहीत, हे मला आता कळलं आहे. एक पुरतं. पण आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे त्यापुढचं कॉलेज कसं बघतात याचा अनुभव कोणालाच नव्हता. अनुभव होता तो स्थळं बघण्याचा. माझ्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, भावकीतल्या निम्म्या मुलींच्या सोयरिकी जमवल्या आहेत. ते म्हणाले, "कालिज काय आन् सोयरीक काय, पोरगी दोन वर्सं द्यायचीच हाये ना? मंग बघूनच देऊ."

परत येऊन आठवडा झाला. आमच्या वाडीतल्या बारावीच्या दोन मुली रोज विचारतात, कसं असतं गं तिथं? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यांच्याही घरी कोणी ना कोणी तात्या आहेच.

आधी पेच काय होता ते सांगते. मी बी.एस्सी. कंप्युटर झाले. शहरातल्या एका जुन्या कॉलेजात एम.एस्सी. आयटीच्या पहिल्या यादीत माझं नाव लागलं. त्याच आठवड्यात, अण्णा म्हणजे माझे वडील चितेगावच्या ज्या कंपनीत काम करतात, तिथल्या स्टोअरमध्ये कंप्युटरवर बसायला एक मुलगी हवी असल्याचं कळलं. माल आला की लिहायचं, माल गेला की लिहायचं. अण्णांना दोन्ही बरं वाटत होतं, म्हणजे त्यांना काहीच ठरवायचं नव्हतं. निर्णय तात्यांकडं गेला. ते हो म्हणाले तर मी शहरात, नाही म्हणाले तर सोमवारपासून अण्णांच्या मागं स्कूटरवर चितेगावला. मला एम.एस्सी.च करायची होती. हे मी घरात दोनदा बोलले होते, पण दोन्ही वेळा कुकरची शिट्टी झाली.

वाडी सोडताना

शुक्रवारी सकाळी रफिकभाईंची काळी-पिवळी दारात उभी राहिली. रफिकभाई बिडकीन ते शहर या रस्त्यावर गाडी चालवतात आणि अण्णांचे शाळेतले दोस्त आहेत. तात्या धोतर, टोपी आणि खांद्यावर घोंगडी अशा पूर्ण पोशाखात पुढं बसले. मागं अण्णा, मी आणि आत्या. आत्या अण्णांची मोठी बहीण, आमच्याकडंच राहते. तिला कोणी बोलावलं नव्हतं. "गड्यांना घराची चूल दिसत नाय," एवढं म्हणून ती फराळाचा डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

रफिकभाईंनी आरशातून आम्हाला बघितलं. "तात्या, आपन कॉलेज देखनेकू जा रैं ना? फिर ये बारात कायकू?"

"चालव तू," तात्या म्हणाले.

बिडकीनच्या बाजूला आता इतके रुंद रस्ते झाले आहेत की दोन्ही कडांनी चालणाऱ्या मेंढ्या एकमेकींना ओळखणार नाहीत. दिवे आहेत, फुटपाथ आहेत, झाडांना आळी केलेली आहेत. माणूस तेवढा यायचा आहे. तात्यांनी आयुष्यभर या रानात मेंढरं चारली. आता तिथं प्लॉटना नंबर आहेत. तात्या मला बोट दाखवून सांगत होते, "हितं गवत लई गोड व्हतं. आन् तितं कायबी उगवत नव्हतं, तितं बघ केवढी फॅक्टरी उगवली."

चितेगाव आलं तसे अण्णा सीटखाली काहीतरी शोधायला लागले. त्यांनी ताप आल्याचं सांगून रजा घेतली होती आणि कंपनीचं गेट रस्त्याला लागूनच आहे. गेट मागं गेल्यावर त्यांना ती वस्तू सापडली. काय होती ते त्यांनी सांगितलं नाही.

पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर आहे, तात्यांच्या तोंडात अजून औरंगाबाद आहे, आणि रफिकभाईंना दोन्हीकडचे प्रवासी घ्यायचे असतात म्हणून ते नुसतं "शहर, शहर" असं ओरडतात. आम्ही शहरात पोचलो.

पहिलं स्थळ

कॉलेजची इमारत जुनी, दगडी. आवारात कडुनिंब आणि त्यांच्या सावलीत मोटरसायकली. माणसं उन्हात उभी होती. विभागप्रमुख मॅडमनी आम्हा पाच जणांना एका छोट्या खोलीत बसवलं. रफिकभाईसुद्धा आत आले, कारण मध्यस्थ बाहेर थांबत नसतो.

मॅडमनी मला विचारलं, "काय शिकायला आवडेल?"

मी तोंड उघडलं. तात्या म्हणाले, "पोरगी गरीब हाये. आपण बोलू." आणि त्यांनी टोपी मांडीवर ठेवून सुरुवात केली. "तुमचं हे डिपार्टमेंट कवाचं?"

मॅडमनी सांगितलं.

"आजवर किती पोरी गेल्या हितून? आन् कुठं कुठं पडल्या?"

मॅडम क्षणभर गोंधळल्या, मग हसल्या. काही जणी पुण्याला गेल्या, काही इथंच वाळूजकडं, काही बँकेच्या परीक्षा देतायत, दोघी शिकवतायत. काहींना काहीच मिळालं नाही, तेही त्यांनी सांगितलं.

"म्हंजे नोकरीची हमी नाय."

"नाही. हमी कोणी देत असेल तर जरा जपून."

तात्यांनी अण्णांकडं बघितलं. मग त्यांनी खिशातला मुख्य प्रश्न काढला. तो त्यांना मोबाइलवर आला होता. "आता मशीन सोताच सोताचा प्रोग्राम लिहितंय म्हणं. मंग ह्या पोरीनं दोन वर्सं शिकून त्या मशीनपुढं निस्तं बसायचं का?"

मला वाटलं, झालं. मॅडम रागावणार. पण त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "मलाही हाच प्रश्न पडतो. मागच्या वर्षी मी जे शिकवलं त्यातलं बरंच यंदा बदललं. मशीन लिहितं हे खरं आहे. ते चुकतं तेव्हा कुठं चुकलं हे बघायला माणूस लागतो, आणि तो माणूस शिकलेला लागतो. पाच वर्षांनी काय होईल, ते मला खरंच सांगता येणार नाही."

तेवढ्यात आत्या कुठं गेली होती ती परत आली. तिनं प्रयोगशाळा आणि मुलींचं स्वच्छतागृह बघून घेतलं होतं. "मशिनी पुसलेल्या हायत," तिनं खोलीला जाहीर केलं. "आन् नळाला पानी हाये."

चहा आला. अर्धा कप. मॅडम म्हणाल्या, "आज संध्याकाळी पाचपर्यंत ऑफिसात येऊन हो सांगायचं. नाहीतर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला जाते."

तात्यांनी हात जोडले. "बरं. कळवतो."

बाहेर येऊन मी हळूच म्हणाले, "तात्या, आजच सांगायचंय."

"समदेच असं म्हणत्यात, पोरी. 'आमच्याकडं अजून एक स्थळ येऊन गेलंय' म्हणत्यात. पहिल्या बैठकीत हो म्हणलं की आपली किंमत जाती. दम धरला की येत्यात मागं."

मी अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "तात्यांनी एवढ्या सोयरिकी केल्यात." आणि ते खरंच होतं.

शेजारपाजार

स्थळाची चौकशी त्या घरी करायची नसते, शेजारी करायची असते. कॉलेजच्या समोर झेरॉक्सचं दुकान होतं. तात्यांनी तिथं माझ्या आधार कार्डाची एक झेरॉक्स काढायला लावली आणि टेकून उभे राहिले.

"माणसं कशी हायत समोरची?"

झेरॉक्सवाल्यानं मान वर केली नाही. "कोनती, आयटीवाली? काका, पलीकडच्या एका कॉलेजची पोरं प्रोजेक्ट माझ्याकडून बांधून नेतात आन् करून बी माझ्याकडनंच नेतात. ही समोरची निस्ती बांधायला येतात. माझ्या धंद्याला ह्यांचा काही फायदा नाय."

तात्या परत येताना खूश होते. एखाद्या मुलाबद्दल दारूवाल्यानं तक्रार करावी, तसं हे प्रमाणपत्र होतं.

मला वाटलं आता ते ऑफिसात जातील. पण एकच स्थळ बघून कोणी ठरवतं का? एका मोठ्या रस्त्यावर, चपलांच्या शोरूमच्या वर, आयटीच्या कोर्सची एक संस्था होती. तिचा फलक शोरूमपेक्षा मोठा होता. आत इतकं गार होतं की आत्यानं पदर दोन्ही खांद्यांवर घेतला. कोट घातलेल्या एका मुलीनं आम्हाला सोफ्यावर बसवलं, थंड पेय दिलं, सँडविच दिलं, आणि रफिकभाईंना "अंकल" म्हणाली. नोकरी शंभर टक्के. परदेशातसुद्धा. भिंतीवर हसणाऱ्या मुलामुलींचे फोटो होते, सगळे दात एकसारखे.

"ह्यातलं आपल्या भागातलं कोण?" तात्यांनी विचारलं.

ती म्हणाली, फोटो कंपनीकडून आले आहेत.

तात्यांनी सँडविच अर्धं उघडून बघितलं, परत मिटवलं आणि ताटलीत ठेवलं. जिना उतरताना म्हणाले, "पोरीत खोट असली की फराळ वाढतो. लाडू आला की म्या समजतो, एक डोळा तिरळा हाये. हिथं तर पाव आन् बाटली दोन्ही आलं."

"तात्या, म्हणजे ते पहिलंच बरं ना?" मी विचारलं. माझ्या मानानं हे बरंच मोठ्यांदा होतं.

"अर्धा कप च्या," तात्या म्हणाले. "लई चांगलं घर हाये. पण अजून लेक बघायची ऱ्हायली."

लेक म्हणजे त्या घरी आधी दिलेली मुलगी. ती कशी नांदते ते बघितल्याशिवाय स्थळ पूर्ण बघितलं असं होत नाही.

मधे जेवण झालं. रफिकभाईंनी जुन्या शहरात एका ठिकाणी नान-खलिया खायला नेलं. नान तव्यावर नाही, तंदूरमध्ये होतो; मऊ, पिवळसर, ताटाबाहेर येणारा. आमच्या भाकरीला पाठ असते आणि पोट असतं, नानला सगळं पोटच. खलिया म्हणजे मटणाचा पातळ, तिखट रस्सा, वर तर्री. आत्यानं डब्यातली ज्वारीची भाकरी काढून त्यातच कुस्करली. वाढणारा बघत राहिला. तात्यांनी एक तुकडा चावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "म्हातारी मेंढी हाये." वाढणारा म्हणाला, "चाचा, आज सुबह की है." तात्या म्हणाले, "मेली आज सकाळी आसंल. जगली लई दिवस." दोघांचंही खरं असणार, म्हणून भांडण झालं नाही.

लेक कशी नांदते

वैशालीताई चितेगावची. त्याच कॉलेजातून तीन वर्षांपूर्वी एम.एस्सी. आयटी झाली, आता शहरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. अण्णा तिच्या वडिलांना ओळखतात, म्हणून आम्ही न कळवता गेलो. लेकीकडं कळवून गेलं तर ती साडी बदलून बसते, असं आत्याचं मत.

सॉफ्टवेअर कंपनी म्हणजे काचेची उंच इमारत, असं माझ्या डोक्यात होतं. ही एका बँकेच्या वर दोन खोल्यांत होती. एका खोलीत सात-आठ जण कंप्युटरवर, दुसऱ्या खोलीत मालक आणि माठ. दवाखान्यांची बिलं करायचा प्रोग्राम हे लोक बनवतात. वैशालीताई आम्हाला बघून घाबरली. तिला वाटलं घरी काहीतरी झालं.

"काय नाय गं," आत्या म्हणाली. "तुला बघाया आलो."

हे ऐकून ती आणखी घाबरली. मग मी सगळं सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की मालकांनी दारातून डोकावून बघितलं.

"काम काय करती तू?" तात्यांनी विचारलं.

"पहिलं वर्ष नुसते फोन घेतले, तात्या. दवाखान्यातून फोन यायचा, मशीन चालत नाही. मी विचारायची, बटण चालू आहे का? आता टेस्टिंग करते."

"म्हंजे?"

"दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या."

आत्या पुढं सरकली. "आन् त्याला पगार देत्यात? आमच्या वाडीत बाया फुकट काढत्यात."

"चूक काढून दाखवायला लागते ना आत्या. 'असंच वाटलं' म्हणून चालत नाही."

"तितंच तर आमचं अडतं," आत्या म्हणाली.

तात्यांना ते दोन खोल्यांचं ऑफिस आवडलं नाही हे दिसत होतं. एवढं शिकून बँकेच्या वर? वैशालीताईनं लपवलं नाही. पगार पुण्यापेक्षा कमी आहे. महिन्याच्या शेवटी उशीर होतो. मोठ्या कंपन्यांत तिनं चार ठिकाणी मुलाखती दिल्या, इंग्रजीत अडकली, पुन्हा देणार आहे. "पण माझं टेबल आहे," ती म्हणाली. "माझ्या लॉगिननं चूक बंद होते." मी नाही म्हणाले तर प्रोग्राम दवाखान्यात जात नाही. मालक म्हणाले तरी नाही."

तात्या तिच्याकडं बघत राहिले. कामाला ठेवलेली मुलगी मालकाला नाही म्हणू शकते, ही गोष्ट त्यांच्या हिशोबात कुठंच बसत नव्हती. त्यांनी तिच्या टेबलावर हात फिरवला, जसा ते विकत घ्यायच्या मेंढीच्या पाठीवरून फिरवतात.

बाहेर पडलो तेव्हा मी अण्णांना मोबाइलवरचं घड्याळ दाखवलं. पाच व्हायला फार वेळ नव्हता. अण्णांनी तात्यांकडं बघितलं. तात्या गाडीत बसत म्हणाले, "जमल्यासारखं हाये. आता खुलताबादला मारुतीच्या पाया पडू, राती तितंच ऱ्हाऊ, उद्या शनिवार हाये. देवाला सांगू, मंग कालिजला कळवू."

मी म्हणाले, "तात्या, पाच वाजता..."

"देवापेक्षा मोठं ऑफिस हाये का ते?"

याला उत्तर आहे. ते मला गाडी दौलताबादच्या पुढं गेल्यावर सुचलं.

खुलताबाद

घाट चढला की हवा बदलते. डोंगरावरचं लहानसं तटबंदीचं गाव, वेशी, दर्गे, सीताफळाच्या बागा. रस्त्याकडेला पेरू विकणाऱ्या बायका. आमच्या सपाट रानातून गेलेल्या माणसाला इथं प्रत्येक वळणावर गाव संपलं असं वाटतं आणि ते पुन्हा सुरू होतं.

इथला मारुती झोपलेला आहे. सगळीकडं तो उभा किंवा उडत असतो, इथं आडवा. तात्यांनी नारळ फोडला आणि बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. रफिकभाई म्हणाले, "मैं भी जाके आता," आणि वेशीच्या आतल्या दर्ग्यात माझ्यासाठी दुआ मागून आले. म्हणजे माझा अर्ज दोन्हीकडं पडला होता.

दोन्ही अर्जांचं उत्तर एकाच मेसेजमध्ये आलं. देवळाच्या पायऱ्यांवर आम्ही भज्यांचा कागद मधे ठेवून बसलो होतो. मी मेसेज वाचला, परत वाचला, आणि अण्णांच्या हातात मोबाइल दिला. मुदतीत होकार न आल्यामुळे माझी जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली गेली होती.

अण्णांनी मोठ्यानं वाचलं. मग आत्यानं भजं तोंडात टाकलं. "तुम्ही कळवणार व्हता ना तात्या? त्यांनीच कळवलं."

"दुसऱ्यानं पळवली म्हंजे?" तात्या म्हणाले. "आसं कसं? बोलणी चालू व्हती."

मला रडू आलं. मोठ्यांसमोर रडायचं नाही म्हणून मी पेरूवाल्या बाईकडं तोंड करून रडले. तिनं मला पेरू दिला. तो हातात घेऊन मी वळले आणि म्हणाले, "तात्या, ते कॉलेज आहे. त्यांच्याकडं मुलांची रांग आहे. मी गेले काय आणि नाही गेले काय, त्यांना फरक पडत नाही. मला पडतो."

तात्यांनी टोपी काढली. टोपीशिवाय ते फार लहान दिसतात. मी त्यांना असं कधी बोलले नव्हते, आणि त्यांना बहुतेक कोणीच बोललं नव्हतं. आत्याचं चावणंसुद्धा थांबलं.

"आता काय व्हईल?" त्यांनी विचारलं. मला विचारलं. अण्णांना नाही.

मी वैशालीताईला फोन लावला. ती आधी रागावली, मग म्हणाली, अगं, उद्या सकाळी स्पॉट राउंड असेल. काहींना दुसरीकडं प्रवेश मिळतो, ते जागा सोडतात. त्या जागांसाठी जे हजर असतील त्यांचीच नावं गुणांप्रमाणे पुकारतात. नाव घेतलं तेव्हा समोर नसलीस तर संपलं.

"उद्या शनिवारचं पहिलं दर्शन..." अण्णांनी सुरुवात केली.

"देव निजलेलाच हाये," तात्या म्हणाले. "तो कुठं जातो. रफिक, सकाळी लवकर गाडी काढ."

कमान

शनिवारी सकाळी अख्खं शहर खुलताबादला येत होतं आणि आम्ही उलटे जात होतो. दौलताबादजवळ रस्ता एका जुन्या कमानीतून जातो. एका वेळी एकच मोठी गाडी मावते. त्या दिवशी कमानीच्या आत एक बस अडकली होती, तिच्या समोर दुसरी बस, आणि दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना मागं जायला सांगत खिडकीतून चहा पीत होते.

रफिकभाईंनी हॉर्न वाजवला. सगळ्यांनीच वाजवला. तात्या उतरले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि कमानीखाली जाऊन जिभेनं तो आवाज काढला जो ते मेंढरं वळवताना काढतात. तो आवाज ऐकला की आमच्या वाडीत माणसंही बाजूला होतात. इथं आधी मोटरसायकली थांबल्या, मग जिपा. तात्यांनी पुढारी मेंढा धरावा तशी कमानीतली बस हेरली आणि तिच्यासमोर दोन्ही हात पसरून चालत गेले. ड्रायव्हर शिव्या देत होता आणि मागं जात होता. कमान मोकळी झाली. पहिल्यांदा त्यातून गेली ती एका दूधवाल्याची मोपेड, आणि मग तात्यांची वाट न बघता बाकीचे दहा-बारा. तात्या ओरडले, "बकऱ्या परवडल्या." पण आम्ही निघालो.

पुकारा

कॉलेजच्या हॉलच्या दारात शिपाई होता. "फक्त उमेदवार," तो म्हणाला.

"म्या चुलता हाये," तात्या म्हणाले.

"तुम्हाला एम.एस्सी. करायची का?"

तात्यांनी खरंच विचार केल्यासारखं केलं आणि बाजूला झाले. माझी ओढणी आत्यानं सारखी केली. मी एकटी आत गेले.

हॉलमध्ये बाकांवर मुलंमुली. पुढच्या टेबलावर एक सर नाव घ्यायचे, उभं राहिलेल्याला विचारायचे, घेणार का? तो हो म्हणाला की पुढं. आयटीच्या जागा थोड्याच होत्या आणि नावं पटापट संपत होती. सरांनी शेवटची जागा म्हणून सांगितलं आणि एक नाव घेतलं. माझ्या पुढच्या बाकावरची मुलगी उठली, निळ्या ड्रेसमधली. सकाळी कन्नडहून आलेय असं तिनं मला मघाशी सांगितलं होतं.

"घेणार का?"

"सर, भाऊ बाहेर आहे. त्याला विचारून येते."

"हो की नाही, ते आत्ता सांगायचं."

"एकच मिनिट, सर." आणि ती धावत गेली.

सरांनी दाराकडं बघितलं, यादीकडं बघितलं. "पुढचं नाव," म्हणाले, आणि ते माझं होतं.

मी उभी राहिले. ती येईपर्यंत थांबा, असं म्हणावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण वाटायला जेवढा वेळ लागतो तेवढाच गेला.

"हो," मी म्हणाले.

आवाज इतका मोठा निघाला की सरांनी मान वर केली. त्यांनी माझ्या नावापुढं खूण केली. मी बाहेर पडायला वळले तेव्हा ती मुलगी आत येत होती, धापा टाकत, हसत.

कडुनिंबाखाली आमची सगळी मंडळी होती, आणि त्यांच्यासोबत एक तरुण, बहुतेक तिचा भाऊ. तात्या त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते. मला बघून म्हणाले, "आत्ताच एका पोरीला माघारी पळवली म्या. भावाला इचारत व्हती. म्या म्हणलं, आधी आत जाऊन हो म्हण, मंग इचार. तुझं काय झालं?"

"झालं," मी म्हणाले.

"कुणाला इचारलंस?"

"कुणालाच नाही."

आत्यानं माझ्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. अण्णा नुसते हसत राहिले. त्यांना कोणाकडं बघून हसायचं ते ठरवता येत नव्हतं. तात्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, एकदाच, आणि खिशातून रुमाल काढून घसा खाकरला.

तेवढ्यात ती मुलगी बाहेर आली. आता धावत नव्हती.

"काय गं, म्हणलीस का?" तात्यांनी विचारलं.

"म्हणाले, काका. पण तोवर जागा गेली होती. प्रतीक्षायादीत पहिलं नाव आहे म्हणाले, कोणी सोडलं तर फोन करतील." मग भावाकडं बघून तिनं ओठ दाबले. भाऊ म्हणाला, "मी कधी नाही म्हणणार होतो? कामून आलीस इचारायला?"

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं. आत्यालाही कळलं. तात्या म्हणाले, "चला, च्या घेऊ समदे," आणि त्या दोघांनाही टपरीवर घेऊन गेले. बाकड्यावर जागा नव्हती, म्हणून ती माझ्या शेजारी चिकटून बसली. तिचा हात थंड होता. तिनं चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडं वळून, अगदी सहज, विचारलं, "तुझं झालं का गं?"

सगळे आपापल्या चहात बघत होते. आत सरांसमोर तोच शब्द किती सोपा होता.

"हो," मी म्हणाले.